तीन दिवे आडवे, तीन दिवे उभे

आमच्या मंडळाची एक रीत आहे. आरती सुरू झाली की मांडवातला एकही दिवा हलता कामा नये. पेटलेला असावा, पण हलू नये. हलत्या दिव्यानं मूर्तीच्या चेहऱ्यावर सावल्या नाचतात आणि देव तोंड वेंगाडतोय असं वाटतं. ही रीत कुणी घातली ते मला माहीत नाही, पण ती मोडलेली मी तरी पाहिली नाही. आणि हल्लीच्या कार्यकर्त्यांना बाकी कशाचंच ज्ञान नसलं तरी एवढी एक गोष्ट त्यांना पाठ आहे, कारण ती पाळायला डोकं लागत नाही.

बुधवार पेठेत माझं दुकान होतं. माळा, हंड्या, हलत्या दिव्यांचे बोर्ड भाड्यानं द्यायचो. आता त्या जागेत मोबाइलची कव्हरं विकतात. शाळा मी चौथीत सोडली, आणि सोडली याचं मला कधी वाईट वाटलं नाही. जे पुढं शिकले ते फ्यूज गेला की मलाच बोलवायचे.

हलता बोर्ड म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. एक लाकडी रूळ, त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, बाजूला छोटी मोटर. रूळ फिरला की पट्ट्या वायरींच्या टोकांना घासायच्या, आणि ज्या वायरीला पट्टी घासली तो दिवा लागायचा. मोर पिसारा फुलवायचा, हत्ती सोंडेनं हार घालायचा. कोणता दिवा कधी लागणार ते रूळ ठरवायचा आणि रूळ मी ठरवायचो. दिव्याला स्वतःचं मत नव्हतं. आरतीच्या वेळी मोटर बंद करून मी रूळ हातानं हव्या त्या जागी आणून धरायचो. हत्तीची सोंड वर, हार देवाच्या गळ्याशी, आणि सगळं गप्प.

तो रूळ मंडळानं केव्हाच माळ्यावर टाकला. मग चिनी माळा आल्या. मग भाड्याचा मोठा पडदा आणायची टूम निघाली. त्या पडद्यावर ज्वाळा दिसतात, नद्या वाहतात, कमळं उमलतात, आणि देव त्याच्यापुढं सिनेमाच्या तिकिटाच्या खिडकीत बसल्यासारखा दिसतो. यंदाही अध्यक्षांना तोच पडदा हवा होता. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या शर्टातला एक जाडजूड माणूस. फ्लेक्सवर स्वतःचा फोटो देवापेक्षा थोडा लहान छापतो आणि त्याला नम्रपणा म्हणतो.

माझ्या मुलीनं मात्र मंडळाला सांगितलं, मी बोर्ड करून देते.

माझी मुलगी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. शहराबाहेर मांजरी म्हणून गाव आहे, तिथं ब्लॉक घेतलाय. उसाच्या शेतात उभ्या केलेल्या त्या इमारती, त्यांना नावं मात्र परदेशातल्या बागांची. चाळिशी उलटली तरी हट्ट सुटलेला नाही. लहानपणी दुकानात माझ्याजवळ बसून होल्डरना वायरी जोडायची. पुढं इंजिनियर झाली आणि तो हात बिघडला, असं माझं मत आहे. तिनं या बोर्डावर सुट्टीचे सगळे दिवस घातले होते, आणि लहानपणापासून ज्या मांडवात वावरली तिथं आपल्या हातचं काहीतरी लागावं एवढंच तिला हवं होतं. तिनं ते तोंडानं म्हटलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

बोर्ड घेऊन ती घरी आली तेव्हा मी विचारलं, "याचा रूळ कुठाय?"

"रूळ नाही, बाबा."

"मग दिव्याला सांगतं कोण?"

"कुणीच नाही. प्रत्येक दिवा आपापल्या शेजाऱ्यांकडे बघतो आणि स्वतः ठरवतो."

मी चष्मा काढून पुसला. कधी कधी समोरच्याला आपलं वाक्य पुन्हा ऐकायला थोडा वेळ द्यावा लागतो.

तिनं वेळ घेतला नाही. समजावत बसली. प्लायवर ओळीखाली ओळ, असे बारीक दिवे. प्रत्येक दिव्याला आठ शेजारी: वर, खाली, दोन्ही बाजूंना आणि चार कोपऱ्यांत. सगळे दिवे एका ठोक्यावर चालतात, आपल्या नाडीसारख्या. प्रत्येक ठोक्याला दिवा शेजारी मोजतो. तो पेटलेला असेल आणि शेजारी दोन किंवा तीन पेटलेले असतील तर पेटलेला राहतो. त्याहून कमी असतील तर एकटेपणानं विझतो, जास्त असतील तर गर्दीनं विझतो. आणि विझलेल्या दिव्याभोवती बरोबर तीन पेटलेले असतील तर तोही पेटतो. बस्स. पहिल्यांदा कोणते पेटवायचे तेवढं आपण सांगायचं, पुढचं त्यांचं ते.

"म्हणजे शेजाऱ्यानं केलं म्हणून मी करणार," मी म्हणालो. "ही रोषणाई नाही, ही तुमच्या सोसायटीची मीटिंग आहे."

"तसंच समजा."

"समजायचं काय त्यात? एकानं गाडी घेतली की चार जण गाड्या घेतात, मग पार्किंगला जागा नाही म्हणून चौघंही बोंबलतात. त्यासाठी देवापुढं बोर्ड कशाला? मांजरीला खिडकीत उभी राहिलीस तरी दिसेल."

ती हसली. आमच्या घरात भांडणाची सुरुवात अशीच होते.

मी तिला एवढंच सांगितलं की मागून हात घालायला जागा नसेल तर त्याला मी बोर्ड म्हणणार नाही. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा प्रत्येक दिव्याच्या मागं एक बारीक बटण बसवून आणलं होतं. बटण दाबलं की विझलेला दिवा पेटायचा आणि मग नियमानं जे व्हायचं ते व्हायचं. मोबाइलवरून चालवायची सोय मुद्दामच ठेवली नव्हती, कारण मांडवात ढीगभर टवाळ मोबाइल घेऊन फिरतात, एखादा तिथून बोर्ड ताब्यात घेईल म्हणे. हे एक मात्र शहाणपणाचं बोलली. बटणांचं सोल्डरिंग पाहिलं. वाईट नव्हतं.

प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मांडवात बोर्ड लावून पाहायचं ठरलं. अध्यक्षांनी आधीच बजावलं होतं, "ताई, बोर्ड आरतीला स्थिर राहिला तर ठेवू. नाही राहिला तर पडदेवाल्याचा टेंपो तयार आहे, मी फोन करतो, तासाभरात येईल. मग रागवायचं नाही."

"नाही रागावणार," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखता येतो. ती रागावणार होती.

मूर्ती अजून आलेली नव्हती. चौरंग मांडला होता, त्यावर मूर्तीच्या उंचीचा खोका ठेवला होता. खोक्याच्या मागं बोर्ड उभा केला. कार्यकर्ते खुर्च्यांवर बसले. त्यातले निम्मे मान खाली घालून अंगठ्यानं काहीतरी वर सरकवत होते. तिनं बोर्ड चालू केला.

खोटं सांगत नाही, सुरुवातीला मला ते किळसवाणं वाटलं. उकळत्या भातासारखं सगळं खदखदत होतं. इथं पेटलं, तिथं विझलं, एक झुंड सरकत गेली, दुसरीला धडकली, दोन्ही गेल्या. ना मोर, ना हत्ती. पण हळूहळू खदखद कमी झाली. कुठं चार दिव्यांचा चौकोन बसला तो बसलाच. कुठं एक कडं झालं, ते तसंच राहिलं. दोन्ही बाजूंनी अशा गप्प बसलेल्या ठिपक्यांची कमान उभी राहिली. ही कमान यावी म्हणून सुरुवात कशी करायची ते शोधण्यातच तिच्या सुट्ट्या गेल्या होत्या.

सगळं थांबलं, आणि बरोबर मधोमध, देवाच्या डोक्यावर यावं अशा जागी, तीन दिवे राहिले. आडवे तीन. मग उभे तीन. मग आडवे. मग उभे. मधला जागचा हलत नव्हता, टोकाचे दोन इकडून विझून तिकडं पेटत होते. एखादा माणूस देवाच्या डोक्यावर बसून पंखा फिरवतोय असं ते दिसत होतं.

आम्ही वाट पाहिली. ते थांबलं नाही.

"ताई, हे कधी थांबणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"हे असंच चालू राहणार," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नाही तिला, ते माझ्याकडून आलंय. "आडव्यातून उभे होतात, उभ्यातून आडवे. मधल्याला कायम दोन शेजारी मिळतात, टोकाच्यांना एकच मिळतो."

"कायम?"

"कायम."

"वा. पंक्चरच्या दुकानावर असतं तसं झालं की हो."

कार्यकर्ते हसले. अध्यक्ष बोलले की हसायचं हे त्यांचं काम, वर्षभर तेच करतात. मग अध्यक्षांना वाटलं आपणही डोकं चालवावं.

"अहो, मग बटण बंद करून थांबवा ना तिथल्या तिथं. आरती झाली की चालू करा."

"थांबवता येईल," ती म्हणाली. "पण मग ते थांबवलेलं असेल, थांबलेलं नाही. हे सगळं नियमानं चालत चालत आपोआप गप्प होतं, म्हणून तर केलंय. गळा दाबून गप्प करायचं तर पडदाच आणा."

"तेच म्हणतोय," अध्यक्ष म्हणाले आणि खिशातून फोन काढला.

आता मला त्या बोर्डाचं प्रेम नव्हतं. रूळ धरून मी जे करायचो ते गळा दाबणंच होतं, आणि त्यात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्या माणसानं फोन काढला तसा मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. माझ्या मुलीच्या कामाला नाव ठेवायचं तर मी ठेवीन. त्याचा अधिकार मिळवायला मला तिला वाढवावं लागलंय. याला काय लागलं? वर्गणीचं पुस्तक.

"फोन ठेवा," मी म्हणालो. "काय गं, याच्यावर उपाय आहे की नाही?"

"आहे. तीन आडवे असताना त्यांच्या टोकाला लागून, त्याच ओळीत चौथा पेटवायचा. चार एका ओळीत आले की दोन ठोक्यांत त्यांचं सहा दिव्यांचं कडं होतं. मग ते हलत नाही. प्रत्येकाला हवे तेवढे शेजारी मिळतात."

"म्हणजे हलणाऱ्याला थांबवायला आणखी एक पेटवायचा?"

"हो."

"विझवायचा नाही?"

"नाही, बाबा. पेटवायचा."

हे मला आवडलं नाही. पण मी मागं गेलो.

मागच्या बाजूला प्लाय आणि मांडवाचा पडदा यांच्यात एक माणूस जेमतेम उभा राहतो. ती येऊन मला बटण दाखवून गेली, त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. मागून दिवे दिसत नाहीत. त्यामुळं आमच्या धंद्यात रिवाज असा: पुढचा माणूस बघतो आणि "हां" म्हणतो, मागचा माणूस "हां" ऐकल्यावर हात चालवतो. ऐकल्याशिवाय नाही. अंदाजानं नाही, मनानं नाही. ज्यांनी अंदाजानं हात चालवला त्यांची बोटं मी पाहिली आहेत. ज्यांना बोटं उरली त्यांची.

"बाबा, तयार?"

"मी कधी तयार नव्हतो?"

"हां!"

मी दाबलं. आठ-दहा ठोके गेले, आणि मग हशा. मोठा हशा. मी पडद्यातून मान बाहेर काढली.

तीन दिव्यांचं एक पातं होतं, त्याची चार झाली होती. मध्ये मोकळी जागा आणि चार बाजूंना चार पाती, सगळी एका ठोक्यावर फिरत होती. आडवी, उभी, आडवी, उभी.

"काका," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "अलका चौकात लावू या का? तिथला सिग्नल बंद आहे."

विनोद करता येत नाही हा काही गुन्हा नाही, पण आपल्याला येतो असं समजणं हा आहे.

ती मागं आली. घामेजली होती. "तुम्ही दाबलंत तोवर तीन उभे झाले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "उभे असताना तेच बटण दाबलं की चार पाती होतात. एक ठोका उशीर झाला."

"उशीर माझ्याकडून नाही झाला. तू ‘हां’ म्हणालीस, मी दाबलं."

"हो, पण माझं ऐकून बोट हलेपर्यंत..."

"रस्त्यावर रिक्षावाले बोंबलतायत, पलीकडच्या मंडळाचे ढोल चालू आहेत, मध्ये एवढं जाड प्लाय. तुझा आवाज माझ्याकडे कसा येतो ते तू बघ."

"मग असं करा ना, मी ‘हां’ म्हणायच्या जरा आधी दाबा."

"आधी?"

"बाबा, एकदाच."

"‘हां’च्या आधी मी हात चालवत नाही. कुणासाठीच चालवलेला नाही. तुझ्यासाठी रिवाज बदलू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिथं इतकी कमी जागा होती की तिला दुसरीकडे कुठं बघताही येत नव्हतं. तेवढ्यात बाहेरून अध्यक्षांचा आवाज, "ताई, मी टेंपोवाल्याला लावतोय फोन. त्याचाही धंद्याचा टाइम आहे."

"एकदा बघा," ती ओरडली. "शेवटचं. मग लावा."

ती पुढं गेली. बोर्ड बंद करून पुन्हा पहिल्यापासून चालू केला. सुरुवात तीच असेल तर शेवटही तोच होतो, या दिव्यांत नशीब नावाची गोष्ट नाही. पुन्हा खदखद, पुन्हा चौकोन बसले, कडी बसली, कमान उभी राहिली. हे सगळं मी मागून पाहिलं नाही, फक्त खुर्च्यांचा आवाज कमी होत गेला त्यावरून कळलं. माझं बोट चिकटपट्टीवर होतं. आता पुन्हा चार पाती झाली तर ती काय करील याचा विचार आला. काही करणार नाही. शांतपणे स्क्रू काढील, बोर्ड चादरीत गुंडाळील, स्कूटरला बांधून मांजरीला जाईल आणि पुन्हा या मांडवात पाय ठेवणार नाही. मला माहीत आहे, कारण मी असतो तर तेच केलं असतं.

"तयार, बाबा?"

मी प्लायला कान लावला.

"हां!"

मी दाबलं. ऐकून दाबलं, नेहमीसारखं. एक क्षण लवकर नाही, एक क्षण उशिरा नाही.

हशा आला नाही. मी थांबलो. तरीही आला नाही. पलीकडचे ढोलसुद्धा नेमके त्याच वेळी थांबले होते, त्यामुळं फारच शांत वाटलं. मग कुणीतरी कार्यकर्ता म्हणाला, "आयला, बसलं की."

मी बाहेर आलो. खोक्याच्या वर सहा दिव्यांचं एक लांबट कडं होतं, जरा चेपलेल्या अंगठीसारखं. दोन्ही बाजूंना कमान. काहीच हलत नव्हतं. बोर्ड चालू होता, ठोका पडत होता, प्रत्येक दिवा प्रत्येक ठोक्याला आपले शेजारी मोजत होता आणि कुणालाच जागचं हलायची गरज पडत नव्हती. मी खोक्याच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. त्यावर पडलेला उजेड स्थिर होता.

अध्यक्ष जवळ जाऊन, दूर जाऊन, मान वाकडी करून पाहून आले. दोष सापडला तर बरं, असा चेहरा. सापडला नाही.

"चालेल," ते म्हणाले. "पण आरती झाली की परत हलवा हं. लोकांना हलतं लागतं."

"हलेल," ती म्हणाली.

फोन खिशात गेला. दुसऱ्या दिवशी हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘आमच्या मंडळाची संकल्पना’ म्हणून त्या बोर्डाबद्दल सांगणार होता हे मला तेव्हाच दिसत होतं, आणि त्यानं तसंच केलं. नियम चुकीचा सांगितला. शेजारी आठाऐवजी चार म्हणाला.

घरी जाताना ती स्कूटर हातानं ढकलत माझ्याबरोबर चालत होती. सदाशिव पेठेत त्या वेळी चालायलाच जागा नसते, क्लासेस सुटलेले असतात. पोरं रस्त्याच्या मधोमध उभी राहून उद्याच्या परीक्षेबद्दल असं बोलतात की जणू ती यांनाच विचारून ठेवली आहे. मी काठीनं वाट काढली.

"बाबा," ती म्हणाली, "दुसऱ्या वेळी मी उभे असताना ‘हां’ म्हणाले."

"काय?"

"तीन उभे होते तेव्हा म्हणाले. तुमचं बोट पोचेपर्यंत आडवे झाले."

मी थांबलो. मागून एक स्कूटरवाला कर्कश हॉर्न वाजवत राहिला, त्याला वाजवू दिला.

"म्हणजे मी बरोबर दाबत होतो," मी म्हणालो. "दोन्ही वेळा. तू ओरडायला चुकत होतीस."

"हो."

"पहिल्या वेळी चुकलीस."

"हो म्हणतेय ना, बाबा."

"पुढच्या माणसानं मागच्याचा हात ओळखून आधी ओरडायचं असतं. हे तुझ्या कॉलेजात सांगत नाहीत."

"नाही सांगत."

पुढं थोडं चालल्यावर ती म्हणाली, "आज घरी गेले की तो चौथा दिवा प्रोग्रॅममध्येच टाकते. बरोबर वेळेला आपोआप पेटेल. मग रोज मागं उभं राहायला नको तुम्हाला. गुडघे दुखतात ना."

गुडघ्यांबद्दल मी तिच्याकडे काही बोललो नव्हतो.

"टाक," मी म्हणालो. "आपोआप पेटव, आपोआप थांबव. आरतीही आपोआप म्हणून घ्या. टाळ्या वाजवायला तुमचे अध्यक्ष आहेतच."

माझ्या दारापाशी आल्यावर तिनं स्कूटर चालू केली, हेल्मेट घातलं, आणि काच वर करून म्हणाली, "उद्या आरतीच्या आधी या. मला एकटीला जमणार नाही."

"प्रोग्रॅमचं काय झालं?"

"वेळ नाही मिळणार."

गेली. मांजरीपर्यंत तिला तासभर लागतो, आणि ते काम तिला पाच मिनिटांचं होतं एवढं मलाही कळतं. तोंडावर सांगितलं असतं, पण बोलायला ती तिथं होतीच कुठं?

दुसऱ्या दिवशी आरतीच्या बऱ्याच आधी मी मांडवात जाऊन मागं उभा राहिलो. पुढं गर्दी जमत होती, प्रत्येक जण देवाकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढत होता. कुणीतरी म्हणालं, हे दिवे काय असे वेड्यासारखे करतायत. कुणीतरी म्हणालं, बिघडलंय वाटतं. मी चिकटपट्टीवर बोट ठेवलं. प्लायच्या मागं उभं राहिलं की एक बरं असतं, यातल्या एकाचंही तोंड बघावं लागत नाही. तबक आलं, घंटा वाजायला लागली, आणि त्या सगळ्या गोंगाटातून मला तेवढा एकच आवाज ऐकायचा होता.

"हां!"

मी दाबलं.